क्लोद बेर्नार : शरीराच्या आंतील समतोल शोधणारा द्राक्षमळ्यांतील मुलगा

वैशाख महिन्यांत भर दुपारीं शेतांत राबणारा मनुष्य आणि पौष महिन्यांत पहाटे पिकास पाणी देणारा मनुष्य, ह्या दोघांच्या जिभेखालीं उष्णतामापक नळी ठेवून पाहिली तर पारा जवळजवळ एकाच रेघेवर, म्हणजे ९८ अंशांच्या आसपास, थांबतो. बाहेर ऊन ११० अंशांचें असो कीं थंडी ५० अंशांची असो, आंतला पारा फारसा हालत नाहीं. तसेंच ज्यानें सकाळीं पोटभर भाकरी खाल्ली त्याच्या रक्तांत साखर असते, आणि ज्यानें काल संध्याकाळपासून अन्नास स्पर्श केला नाहीं त्याच्याही रक्तांत ती असतेच. दोघांत फरक असतो तो थोडक्याच प्रमाणाचा. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें ५ लिटर रक्त असतें, आणि त्या सर्व रक्तांत मिळून साखर असते सुमारें ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. हा चमचा रिता होऊं नये, आणि एकाचे दोन होऊन तसेच राहूं नयेत, ह्याची व्यवस्था आपण झोपेंत असतांही चाललेली असते. ती कोठें व कशी चालते, हा प्रश्न ज्यानें पहिल्यानें नीट विचारला त्याची हकीकत आज आम्ही आमच्या वाचकांस सांगणार आहों.

फ्रान्स देशांत ल्यों शहराच्या उत्तरेस सां-ज्युलियां नांवाचें एक खेडें आहे. सभोंवार द्राक्षांचे मळे, आणि गांवचा सर्व व्यवहार त्या मळ्यांवर. तेथें ता. १२ जुलै १८१३ रोजीं एका मळेकऱ्याच्या घरीं क्लोद बेर्नार ह्याचा जन्म झाला. घरीं पैका बेताचा होता. गांवच्या पाद्र्यानें मुलगा हुशार पाहून त्यास लॅटिन शिकविलें. पुढें जवळच्या शहरांतील शाळांत तो थोडें फार शिकला. परंतु पदवी न मिळवितांच शाळा सुटली, आणि वयाच्या १९ व्या वर्षीं तो ल्यों शहराच्या वेशीवरील एका औषधविक्याच्या दुकानांत उमेदवार म्हणून लागला.

त्या दुकानांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळीं थेरियाक नांवाचें एक औषध फार खपत असे. साठांच्या वर जिनसा त्यांत पडत, आणि तें सर्व रोगांवर चालतें अशी लोकांची समजूत होती. दुकानांत एखादें औषध नासलें, एखादी बाटली चुकून भलत्याच मिश्रणाची झाली, कीं धनी ती टाकूं देत नसे; ती थेरियाकसाठीं बाजूस ठेवावी, असा त्याचा हुकूम असे. पोरगा हें सर्व पाहत होता. विकत घेणारे बरे होत आणि मरतही. पण कोण कशानें बरा झाला हें दुकानदारास ठाऊक नव्हतें, आणि तें जाणण्याची त्याची इच्छाही नव्हती. जें माहीत नाहीं तें माहीत आहे असें दाखवून विकणें ह्याचा बेर्नारास जो वीट आला तो जन्मभर टिकला, असें आम्हांस वाटतें. आमच्या खेड्यापाड्यांतूनही सर्व रोगांवर एकच पुडी देणारे फिरत असतात, म्हणून ही हकीकत जरा विस्तारानें दिली.

दुकानांत बसून तो मात्र नाटकें लिहीत असे. त्याचें एक लहानसें हास्यनाटक ल्यों शहरांत रंगभूमीवर आलेंही. त्या यशानें हुरळून त्यानें पांच अंकांचें एक ऐतिहासिक नाटक लिहिलें आणि १८३४ सालीं तें बगलेंत मारून पॅरिस गांठलें. तेथें एका नामांकित टीकाकारानें तें वाचलें व त्या तरुणास सल्ला दिला कीं, औषधांच्या दुकानांत काम केलेंच आहे तर वैद्यक शिकावें, पोट भरेल. नाटकें फावल्या वेळीं लिहावीं. बेर्नारानें तें ऐकलें. पॅरिसच्या वैद्यकशाळेंत तो शिरला. परंतु तेथें तो कधीं चमकला नाहीं. परीक्षेंत क्रमांक खालचा, बोलणें थोडें, वर्गांत लक्ष नाहीं असें दिसे. पुढें १८४४ सालीं अध्यापक होण्याची परीक्षा त्यानें दिली तींत तर तो नापासच झाला.

त्याच्यांतील गुण ओळखला तो फ्रांस्वा माझांदी ह्या अध्यापकानें. हा स्वभावानें फटकळ, आणि डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कांहीं एक न मानणारा. १८४१ सालीं त्यानें बेर्नारास आपला प्रयोगसाहाय्यक नेमिलें. बेर्नाराचा हात विलक्षण हलका होता. केसाएवढी नस तो न तोडतां मोकळी करी. शरीरांतील एखादें इंद्रिय काय करतें हें ग्रंथांत वाचून किंवा मेलेल्या शरीराची चिरफाड करून कळणार नाहीं. तें जिवंत शरीरांतच पाहिलें पाहिजे, असें हे दोघे मानीत. ह्या मार्गाचें मोल कोणास द्यावें लागलें हें पुढें येईल.

१८४६ च्या सुमाराची गोष्ट. बाजारांतून आणलेले ससे बेर्नाराच्या मेजावर ठेविले असतां त्यांनीं तेथेंच मूत्र केलें. तें स्वच्छ व आम्ल होतें. दुसरा कोणी तें फडक्यानें पुसून कामास लागला असता. बेर्नार थांबला, कारण गवत खाणाऱ्या जनावराचें मूत्र गढूळ व क्षारयुक्त असतें, आणि स्वच्छ व आम्ल असतें तें मांस खाणाऱ्याचें. मग सशाचें असें कां? त्याच्या मनांत आलें कीं, ह्या सशांस बाजारांत बराच वेळ कोणी चारा घातला नसावा, आणि बिचारे स्वतःच्याच मांसावर जगत असावेत. त्यानें त्यांस गवत घातलें. मूत्र गढूळ झालें. दीड दिवस उपाशी ठेविलें; तें पुन्हां स्वच्छ झालें. घोड्यावर करून पाहिलें, तेंच. शेवटीं त्यानें सशांस गाईचें शिजविलेलें मांस चारलें, आणि तेव्हांही मूत्र मांसाहारी प्राण्याप्रमाणेंच आलें. ह्यावरून उपाशी प्राणी आंतून स्वतःसच खात असतो, हें सिद्ध झालें. बाहेरून अन्न थांबलें तरी आंतील व्यवहार थांबत नाहीं. शरीर आपल्या सांठ्यांतून खर्च करूं लागतें. त्याच सशांस कापून पाहतां आणखी एक शोध लागला. स्वादुपिंडाचा रस जेथें आंतड्यांत पडतो त्याच्या खालींच, खाल्लेल्या चरबीनें दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या रसवाहिन्या दिसूं लागतात. म्हणजे तेलतूप पचविण्यांत ह्या पिंडाचा मोठा हात आहे हें कळलें.

इतकें होऊनही पोटापुरतें मिळत नव्हतें. गांवीं परत जाऊन वैद्यकी करावी असा विचार त्यानें केला होता. तेव्हां मित्रांनीं मध्यें पडून १८४५ सालीं पॅरिसच्या एका वैद्याच्या मुलीशीं त्याचा विवाह लावून दिला. तिचें नांव फानी मार्तां. तिनें माहेराहून आणलेल्या पैक्यावर बेर्नाराचे प्रयोग चालले. हा विवाह सुखाचा झाला नाहीं. नवऱ्यानें दवाखाना थाटून चार पैसे मिळवावे ही तिची अपेक्षा. आणि नवरा तर तळघरांत कुत्रे व ससे कापीत बसलेला. त्या काळीं गुंगीचें औषध नुकतेंच निघालें होतें आणि पुष्कळ प्रयोग त्यावांचूनच होत. ती जनावरें कोठून येत ह्याचीही विचारपूस फारशी होत नसे. एकदां पोटांत रुप्याची नळी बसविलेला एक कुत्रा प्रयोगशाळेंतून निसटला तो थेट आपल्या धन्याकडे गेला, आणि तो धनी निघाला त्या भागांतील पोलिस कमिशनर! बेर्नारास बोलावणें आलें. त्यानें कांहीं न लपवितां सर्व सांगितलें, कुत्र्याच्या जिवास धोका नाहीं असें पटवून नळी काढून दिली, आणि कमिशनर साहेब त्याचे स्नेही झाले. ही हकीकत बेर्नार पुढें हंसत सांगे. कुत्र्याची बाजू कोणीं लिहून ठेविली नाहीं.

आतां त्याच्या सर्वांत मोठ्या शोधाकडे वळूं. त्या वेळच्या विद्वानांचा सिद्धान्त असा होता कीं, साखर तयार करणें हें झाडांचें काम. प्राणी ती खातात आणि जाळून टाकतात. बेर्नारास एवढेंच पाहावयाचें होतें कीं, खाल्लेली साखर शरीरांत नाहींशी कोठें होते. म्हणून त्यानें कुत्र्यास गोड अन्न घातलें आणि यकृतांतून हृदयाकडे जाणाऱ्या शिरेंतील रक्त तपासलें. साखर भरपूर होती. दुसरा कोणी येथें समाधान पावला असता. पण बेर्नाराची रीत अशी कीं, आपलें म्हणणें खरें ठरलें असें दिसतांच तें खोटें पाडण्याचा प्रयत्न आपणच करावयाचा. त्यानें दुसऱ्या कुत्र्यास केवळ मांस चारलें, आणि त्याच्याही त्या शिरेंत साखर निघाली! आंतड्यांतून यकृताकडे येणाऱ्या रक्तांत मात्र त्याच्या परीक्षेंत साखर दिसली नाहीं. आंत जातांना साखर नाहीं आणि बाहेर येतांना आहे. म्हणजे ती मध्यें, यकृतांतच, तयार होत असली पाहिजे. हें १८४८ सालीं झालें.

विरोधक उठलेच. यकृत साखर करीत नाहीं, इतर रक्तांतील साखर धरून ठेवतें इतकेंच, असें ते म्हणूं लागले. त्यांस उत्तर मिळालें तें अर्धें योगायोगानें. बेर्नार एकाच यकृताची परीक्षा लागोपाठ दोनदां करीत असे. एके दिवशीं वेळ नव्हता, म्हणून दुसरी परीक्षा त्यानें उद्यांवर टाकली. आणि उद्यां पाहतो तों कालच्यापेक्षां साखर अधिक! मग १८५५ सालीं त्यानें नुकत्याच मारलेल्या प्राण्याचें यकृत घेतलें, त्याच्या शिरांतून सुमारें ४० मिनिटें थंड पाण्याची धार सोडली, रक्त व साखर ह्यांचा मागमूस राहिला नाहीं असें पाहिलें, आणि तें तसेंच ठेविलें. दुसऱ्या दिवशीं त्यांत पुन्हां साखर होती. रक्तांतून येण्यास आतां रक्तच उरलें नव्हतें. अर्थात् यकृतांत दुसरा कांहीं पदार्थ सांठलेला आहे व त्याची साखर होते. तो पदार्थ, पिठासारखा पांढरा, त्यानें १८५७ सालीं वेगळा करून दाखविला. त्यास ग्लायकोजेन म्हणतात.

शेतकऱ्यास हें समजावयास कठीण नाहीं. सुगीच्या दिवसांत धान्य येतें तें सर्व कोणी एकदम दळीत नाहीं. कणगींत भरतो, आणि लागेल तसें काढतो. यकृत ही ती कणगी. जेवणानंतर साखर वाढली कीं यकृत ती आपल्यांत सांठवितें. उपास पडला कीं थोडी थोडी सोडतें. प्रौढ मनुष्याच्या यकृतांत असा सुमारें १०० ग्रॅम सांठा राहूं शकतो, म्हणजे एक रात्र व कांहीं अधिक वेळ निभावण्यापुरता.

हें दार कोण उघडतो आणि कोण मिटतो? १८४९ सालीं बेर्नारानें दाखविलें कीं, मेंदूच्या तळाशीं एका ठराविक जागीं सुई टोंचली असतां सशाच्या मूत्रांत कांहीं वेळ साखर उतरते. पुढें त्यानें सशाच्या मानेंतील एक तंतु तोडून पाहिला. त्या बाजूचा कान थंड पडेल अशी त्याची अटकळ होती. झालें उलट, कान लाल व ऊन झाला. ह्याचा अर्थ असा कीं, रक्तवाहिन्या आकसविण्याचें काम तंतूंकडे असतें. उन्हांत त्या सैल होतात, रक्त कातडीकडे येऊन उष्णता बाहेर टाकतें आणि घामानें अंग निवतें. थंडींत त्या आवळतात आणि ऊब आंत राहते. आरंभीं सांगितलेला पारा हालत नाहीं त्याचें एक कारण हें. अटकळ चुकली तर तो खट्टू होत नसे, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. चुकलेल्या अटकळीनेंच त्यास पुष्कळ वेळां वाट दाखविली.

कोळशाच्या धुरांतील विषारी वायूवरही त्यानें काम केलें. तो वायु रक्तांतील तांबड्या कणांस असा चिकटतो कीं प्राणवायूस जागा उरत नाहीं; माणूस गुदमरतो आणि रक्त मात्र लालभडक दिसतें. थंडीच्या दिवसांत दारेंखिडक्या लावून आंत पेटती शेगडी ठेवून निजूं नये तें ह्याचसाठीं. त्या वायूस वास नसतो, आणि निजलेल्यास जाग येत नाहीं.

हे सर्व शोध एकत्र मांडून बेर्नारानें जो विचार काढला तो ह्या सर्वांहून मोठा आहे. मासा पाण्यांत राहतो हें सर्वांस दिसतें. त्याचें म्हणणें असें कीं, आपल्या शरीरांतील प्रत्येक सूक्ष्म कणही तसाच पाण्यांत राहतो. बाहेरची हवा, ऊन, वारा, अन्न ह्यांपैकीं कांहीं एक त्या कणास थेट लागत नाहीं. त्याच्या भोंवतीं असतो तो रक्ताचा व रसाचा पाझर. तेंच त्याचें तळें, तीच त्याची हवा. ह्यास बेर्नारानें आंतील परिसर असें नांव दिलें. कणगींत पडलेलें बियाणें जिवंत असतें, पण निजलेलें. ओल मिळेपर्यंत तें कांहीं करूं शकत नाहीं. बेडूक जागा असतो, पण ऋतूचा ताबेदार. थंडी पडली कीं तो मंदावतो. मनुष्य व इतर उष्ण रक्ताचे प्राणी बारा महिने हिंडतात फिरतात, कारण त्यांच्या आंतील परिसराची ऊब, पाणी, क्षार व साखर सारख्या प्रमाणांत ठेविली जातात. बेर्नाराच्या मतें मोकळें जीवन तें हेंच. आणि हा समतोल म्हणजे दगडासारखें स्थिर राहणें नव्हे. दोरावरून चालणारा कोल्हाटी जसा क्षणोक्षणीं इकडे तिकडे झुकून उभा राहतो तसा तो आहे. मूत्रपिंडांचेंच पाहा : दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर पाणी त्यांतून गाळलें जातें, आणि बाहेर पडतें तें दीड दोन लिटर, बाकीचें सर्व निवडून परत घेतलें जातें. हा हिशेब पुढच्या पिढ्यांनीं मांडला, पण प्रश्न बेर्नाराचा.

मानमरातब आले. १८५४ सालीं तो विज्ञान अकादमींत निवडला गेला, १८५५ सालीं माझांदीच्या जागीं अध्यापक झाला, आणि १८६९ सालीं बादशहानें त्यास सेनेटर केलें. परंतु काम होतें तें ओलसर, अंधाऱ्या तळघरांतच. तेथें वर्षानुवर्षें राहून त्याची प्रकृति ढांसळली. १८६० नंतर पोटाच्या दुखण्यानें तो वारंवार अंथरुणास खिळे, आणि मग सां-ज्युलियांस जाई. जन्मघराच्या शेजारचा वाडा त्यानें विकत घेतला होता. सुगींत द्राक्षें तोडण्याच्या वेळीं तो तेथें हटकून असे, स्वतःच्या बागेंत खपे आणि द्राक्षरसाच्या आंबण्यावर प्रयोग करी. ह्याच दुखण्याच्या काळांत, प्रयोग बंद पडले असतां, त्यानें प्रायोगिक वैद्यकाच्या अभ्यासाची प्रस्तावना हा ग्रंथ लिहिला व तो १८६५ सालीं छापला. पुढच्या वर्षीं लुई पाश्चर ह्यानें आजारी मित्रास उभारी यावी म्हणून त्याच्या कार्यावर एक लेख वर्तमानपत्रांत दिला. ह्या गोष्टीनें आम्हांस पाश्चराविषयींही आदर वाटतो.

घरीं मात्र शेवटचा दोर तुटला. दोन मुलगे तान्हेपणींच गेले होते. दोन मुली आईच्या बाजूस होत्या. १८७० सालीं नवराबायको कायद्यानें विभक्त झालीं. फानी व तिच्या मुली ह्यांनीं जनावरांवरील प्रयोगांविरुद्ध आपलें आयुष्य वाहिलें. इंग्लंडांत ह्या प्रश्नावर १८७५ सालीं जें वादळ उठलें त्याचें एक कारण, बेर्नाराच्या प्रयोगशाळेंत काम केलेल्या एका वैद्याचें वर्तमानपत्रांतील पत्र हें होतें. आणि १८७६ सालीं तेथें अशा प्रयोगांस परवान्याचें बंधन घालणारा कायदा झाला. आमचें मत विचाराल तर तें दुहेरी आहे. मधुमेहाच्या रोग्यास आज जें आयुष्य मिळतें त्याच्या मुळाशीं हे प्रयोग आहेत, हें नाकारतां येत नाहीं. तरी बांधलेल्या जनावराच्या वेदनेपुढें बेर्नार जसा बहिरा झाला तसा तो झाला नसता तर बरें होतें. आणि ती स्त्री केवळ कजाग होती असें जे चरित्रकार लिहितात त्यांनीं तिजवर अन्याय केला आहे.

१८७७ च्या अखेरीस तळघरांतील गारठ्यानें त्यास ताप भरला. दुखणें मूत्रपिंडांचें होतें. ज्या इंद्रियाकडे आंतील परिसर स्वच्छ ठेवण्याचें काम, तेंच थकलें. अंथरुणावर पडल्या पडल्या तो आपल्या शेवटच्या व्याख्यानांचीं मुद्रितें तपाशीत असे. समतोलाचा विचार त्यानें पूर्णपणें मांडला तो ह्याच पुस्तकांत. ता. १० फेब्रुवारी १८७८ रोजीं तो वारला. सरकारी खर्चानें त्याची अंत्ययात्रा निघाली. फ्रान्समध्यें एखाद्या शास्त्रज्ञास हा मान पहिल्यानेंच मिळाला. पुस्तक त्याच वर्षीं, त्याच्यामागें निघालें.

त्यास जें उमगलें नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. साखरेचा सांठा यकृतांत, आणि तेलतुपाचें पचन स्वादुपिंडाच्या रसानें, हीं दोन्ही घरें त्यानेंच उघडलीं. पण दोहोंमधली वाट त्यास दिसली नाहीं. १८८९ सालीं जर्मनींत मेरिंग व मिंकोव्हस्की ह्यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें तेव्हां त्यास मधुमेह झाला. १९२१ सालीं कॅनडांत बँटिंग व बेस्ट ह्यांनीं त्या पिंडांतून इन्शुलिन काढलें, आणि १९२२ च्या जानेवारींत मरणाच्या दारीं असलेल्या एका १४ वर्षांच्या मुलास तें टोंचून त्यास वांचविण्यांत आलें. आंतील समतोलास अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन ह्यानें १९२६ सालीं होमिओस्टॅसिस हें नांव दिलें. तोंवर बेर्नाराचा विचार जवळजवळ पन्नास वर्षें ग्रंथांतच पडून होता. आणि १९७१ सालीं बंगालच्या सरहद्दीवर बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली असतां, शिरेंतून द्यावयाचें पाणी संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ व साखर घातलेलें पाणी तोंडानें पाजविलें. तेथील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० वरून ४ च्या खालीं आलें. जुलाबांनीं नासलेल्या आंतल्या तळ्यांत पाणी व क्षार परत भरणें, हाच तो उपाय. घरीं करावयाचा तर उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यांत साखरेचे ६ सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. मीठ ह्याहून अधिक घालूं नये.

सां-ज्युलियां येथील त्याच्या घराचें पुढें संग्रहालय झालें. मळे त्याच्या पश्चातही पिकत राहिले.